नेटवर्क डिझाइनचं प्रशिक्षण आणि ईएनएसएलडी परीक्षा: मुंबईतून, नोकरी सांभाळून

काही वर्षं नेटवर्कमध्ये काम केलं की स्विच कॉन्फिगर करणं, बिघडलेलं राउटिंग शोधून काढणं हे हातात बसतं. पण "नवीन ऑफिसचं नेटवर्क आखून द्या, खर्चासकट" असं कुणी सांगितलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. हे शिकवणारं प्रशिक्षण आणि त्यामागच्या, सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या दोन परीक्षा (त्यातली डिझाइनची ती ईएनएसएलडी) मी जुलै २०२४ ते मार्च २०२५ मध्ये केल्या. या वाटेवर निघणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहे.

आधी रचना समजून घ्या, कारण जुनी माहिती अजून फिरते. सिस्कोच्या सीसीडीए आणि सीसीडीपी या डिझाइनच्या वेगळ्या परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० ला बंद झाल्या. आता डिझाइन हा सीसीएनपी एंटरप्राइझ या सिस्कोच्या व्यावसायिक पातळीच्या प्रमाणपत्राचा भाग आहे. एक मुख्य परीक्षा, एनकोर (३५०-४०१), १२० मिनिटांची, ४०० डॉलर. तिच्या जोडीला आवडीच्या विषयाची एक परीक्षा, ९० मिनिटांची, ३०० डॉलर. डिझाइनवाल्यांसाठी ती ईएनएसएलडी (३००-४२०). दोन्हींपैकी कुठलीही आधी देता येते आणि प्रत्येकीचं स्वतंत्र स्पेशालिस्ट प्रमाणपत्रही मिळतं. सीसीएनए हे त्याखालचं प्रमाणपत्र असण्याची अट नाही. तरी सबनेटिंग (पत्त्यांचे तुकडे पाडणं) आणि ओएसपीएफ (मार्ग ठरवणारा एक राउटिंग प्रोटोकॉल) हाताखालून गेलेलं नसेल तर थेट इथे येऊ नका.

मे आणि जून कागदपत्रांत गेले. कंपनीकडून पैसे हवे असतील तर क्लासला पैसे भरण्याआधी मंजुरीचा मेल हातात असू द्या. आमच्याकडे फॉर्मवर मॅनेजर, विभागप्रमुख आणि एचआर अशा तीन सह्या, पास झाल्यावरच परतफेड आणि त्यानंतर वर्षभराचा बाँड, अशा अटी होत्या. बाँडचं वर्ष कुठल्या तारखेपासून मोजणार हे लेखी विचारून घ्या. प्रशिक्षण संपल्याची तारीख आणि परतफेडीची तारीख यांत बरंच अंतर पडू शकतं. क्लासचं बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह मागा. परीक्षेची पावती मात्र स्वतःच्या नावाने येते, म्हणून ती चालेल असं अकाउंट्सकडून आधीच मेलवर घेतलेलं बरं.

दुसरं काम नावाचं. सिस्कोच्या खात्यातलं नाव, पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे गोची इथेच होते. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ऑफिसच्या मेल आयडीत मधलं नाव नसतं आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्यांची दोन कागदपत्रं दोन आडनावांची असतात. खातं उघडताना पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यातलं जसंच्या तसं भरा. नाव दुरुस्त करायला मदत केंद्राकडे विनंती टाकावी लागते आणि त्यात काही दिवस जातात, त्यामुळे हे तारीख घेण्याआधी उरकायचं.

क्लास दादरला, शनिवार-रविवार, चार-चार तास. फी ३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४४,८४०. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे मिळतात म्हणून ते सोयीचं, पण रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवावं लागतं. फी भरण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा. शिकवणाऱ्याने स्वतः किती नेटवर्कं आखली आहेत? आणि डिझाइनसाठी वेगळे तास आहेत, की एनकोरच्याच शेवटी दोन दिवस उरकणार? बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याचं उत्तर गोलमोल येतं.

जुलै ते ऑक्टोबर एनकोर. त्याबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून फक्त लॅबचं सांगतो. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या लॅपटॉपवर नेटवर्क उभं करायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पाच नोडपर्यंत (राउटर, स्विच अशी उपकरणं) चालते. वैयक्तिक परवाना वर्षाला १९९ डॉलरचा, त्यात वीस नोड. फुकट आवृत्तीत ओएसपीएफ आणि बीजीपी (आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल) यांचे छोटे प्रयोग होतात, डिझाइनला मात्र पाच नोड तुटपुंजे पडतात. कॅटलिस्ट ८०००व्हीचा एकेक आभासी राउटर ४ जीबी रॅम खातो, म्हणून लॅपटॉपमध्ये ३२ जीबी असलेली बरी. रॅम लॅमिंग्टन रोडवर घेतली तर पक्कं बिल आणि वॉरंटीचा शिक्का मागून घ्या. टेलिग्रामवर फिरणाऱ्या इमेज फायली (या उपकरणांची सॉफ्टवेअर) वापरू नका. त्या बेकायदा तर आहेतच, शिवाय आत काय भरलं आहे याची खात्री नसते.

लॅमिंग्टन रोडवरच सिस्कोचे जुने २९६० आणि ३५६० मॉडेलचे स्विच मिळतात. पोर्ट, केबल, दिवे प्रत्यक्ष हाताळायला एक-दोन घ्यायला हरकत नाही. फक्त असा स्विच ऑफिसच्या चालू नेटवर्कला कधीही जोडू नका. स्पॅनिंग ट्रीत (स्विचमध्ये गोल फिरणाऱ्या वाटा टाळणारा प्रोटोकॉल) सगळ्यांची प्रायोरिटी मूळची ३२७६८ असेल तर ज्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) सर्वांत लहान तो रूट, म्हणजे मुख्य स्विच होतो, आणि जुन्या स्विचचा मॅक बहुधा लहान असतो. मग सगळ्या मजल्यांची रहदारी त्या टेबलाखालच्या डब्यातून वाहायला लागते. डिझाइनमध्ये रूटची प्रायोरिटी हाताने ठरवणं, वापरकर्त्यांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड आणि डिस्ट्रिब्युशनच्या (मजल्यांचे स्विच जोडणारा मधला थर) खाली जाणाऱ्या पोर्टवर रूट गार्ड लावणं (दोन्ही भलत्या स्विचला रूट होण्यापासून अडवतात) हे सगळं यासाठीच.

७ सप्टेंबरला गणपती आले आणि अनंत चतुर्दशीपर्यंत क्लास बंद होता. त्या मोकळ्या दिवसांत उजळणी झाली तर झाली, एरवी नोकरीत तेवढा सलग वेळ मिळत नाही. एनकोरची परीक्षा दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये दिली. ४०० डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर, मिळून जवळपास ४० हजार पडले. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार असेल तर तो वेगळा.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी डिझाइन. ईएनएसएलडीचा जाहीर अभ्यासक्रम असा विभागलेला आहे: ॲड्रेसिंग आणि राउटिंग २५ टक्के, कॅम्पस (इमारतीतलं नेटवर्क) २५, वॅन (ठिकाणं जोडणारं नेटवर्क) २०, नेटवर्क सेवा २०, ऑटोमेशन १०. इथे कमांड पाठ करून भागत नाही. गरज दिलेली असते, अडचणी दिलेल्या असतात आणि तीन चालणाऱ्या उत्तरांमधलं त्या गरजेला बसणारं एक निवडायचं असतं. म्हणून सर प्रत्येक तासाला पहिला प्रश्न एकच विचारायचे: "गरज कुठे लिहिली आहे?" कुणी थेट एसडी-वॅन (सॉफ्टवेअरने चालवलेलं वॅन) किंवा बीजीपी सुचवलं की त्याला वही मिटायला लावून पुन्हा गरजांपाशी आणायचे.

आम्हाला दिलेला नमुना प्रकल्प इथे थोडा सविस्तर सांगतो, कारण खरं शिकणं त्यातच झालं. लोअर परळला मुख्य कार्यालय, तळोजा एमआयडीसीत कारखाना, भिवंडीला गोदाम आणि राज्यभर ४० शाखा. शाखांचं वाटप मुंबई-ठाणे-पालघर १८, पश्चिम महाराष्ट्र १२, विदर्भ-मराठवाडा १०.

ॲड्रेसिंगपासून सुरुवात. प्रत्येक शाखेला एक /२२ (पत्त्यांचा तुकडा; आकडा जितका लहान तितका तुकडा मोठा) दिला, म्हणजे डेटा, फोन, वाय-फाय आणि कॅमेरे-प्रिंटर यांना एकेक /२४. १०.३२.०.०/१६ मध्ये असे ६४ तुकडे बसतात, तेव्हा ४० शाखांना जागा भरपूर. पण बॅचमधल्या बहुतेकांनी विभागांना सरसकट /१८ वाटले आणि तिथेच गणित फिसकटलं. /१८ मध्ये १६ शाखा मावतात आणि मुंबई विभागात आत्ताच १८ आहेत. उरलेल्या दोन दुसऱ्या विभागाच्या तुकड्यात घुसवल्या की विभागाचा एकच सारांश मार्ग (सगळ्या शाखांचे पत्ते एकत्र सांगणारी नोंद) पुढे पाठवता येत नाही, आणि पुढे कायमची अपवादांची यादी सांभाळत बसावं लागतं. बरोबर वाटप असं: मुंबई विभागाला १०.३२.०.०/१७ (३२ शाखा), पश्चिम महाराष्ट्राला १०.३२.१२८.०/१८, विदर्भ-मराठवाड्याला १०.३२.१९२.०/१८. राउटर-राउटरमधल्या दुव्यांना /३१.

मग कॅम्पस. ४८ पोर्टचा एक गिगाबिटचा ॲक्सेस स्विच (वापरकर्ते जोडले जातात तो) वर दोन एक-गिगाबिट दुव्यांनी जोडला तर खालच्या आणि वरच्या क्षमतेचं प्रमाण २४:१ होतं. ॲक्सेस ते डिस्ट्रिब्युशन २०:१ आणि डिस्ट्रिब्युशन ते कोअर (सगळ्यांना जोडणारा सर्वांत वरचा थर) ४:१ हे वापरातले आडाखे आहेत, म्हणजे हा बेत पहिल्याच पायरीला नापास. दोन १० गिगाबिट दुवे दिले की २.४:१. पॉवरचं गणितही असंच कागदावर मांडायचं. ७४० वॅटचा पीओई (केबलमधूनच वीज देणारा) स्विच ४८ पोर्टना १५.४ वॅटने पुरतो (४८ × १५.४ = ७३९.२), पण ३० वॅटची उपकरणं लावली तर २४ पोर्टवर संपतो. वाय-फायचे नवे ॲक्सेस पॉइंट आणि फिरणारे कॅमेरे यांची यादी आधी हातात नसेल तर स्विचची ऑर्डर चुकते, आणि ती चूक पर्चेसच्या दुसऱ्या फेरीत महाग पडते.

एचएसआरपी (दोन स्विच मिळून एक गेटवे चालवणारा प्रोटोकॉल) आणि स्पॅनिंग ट्री यांची जोडीही नीट जुळवावी लागते. व्हीलॅनचा (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कचा) एचएसआरपी ॲक्टिव्ह, म्हणजे चालू गेटवे, पहिल्या डिस्ट्रिब्युशन स्विचवर आणि स्पॅनिंग ट्रीचा रूट दुसऱ्यावर असेल तर प्रत्येक पॅकेट दोघांमधल्या दुव्यावरून उगाच एक फेरा मारून जातं. शिवाय प्रीएम्प्टला (परत आलेल्या स्विचने गेटवेपद परत घेण्याला) विलंब द्यायलाच हवा. नाहीतर रीबूट झालेला स्विच कोअरकडचे मार्ग शिकण्याआधीच गेटवे होऊन बसतो आणि तेवढा वेळ पॅकेट हरवतात.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती सारांश मार्गामुळे पडणाऱ्या खड्ड्याची. ॲक्सेसपर्यंत राउटिंग नेलेलं आहे, राउटिंग प्रोटोकॉल ईआयजीआरपी, ॲक्सेस स्विच स्टब (टोकाचे) म्हणून लावलेले, आणि दोन्ही डिस्ट्रिब्युशन स्विच कोअरला १०.१६.०.०/२० हा एकच सारांश पाठवत आहेत. आता पहिल्या डिस्ट्रिब्युशन स्विचचा तिसऱ्या मजल्याकडचा दुवा तुटला. त्याच्याकडे बाकीच्या मजल्यांचे मार्ग शिल्लक असल्याने तो सारांश मागे घेत नाही. कोअर पूर्वीसारखीच निम्मी रहदारी त्याच्याकडे पाठवते. त्याच्याकडे १०.१६.३.०/२४ चा नेमका मार्ग उरलेला नाही, सारांशासोबत आपोआप तयार झालेला नल०कडचा (पॅकेट फेकून देणारा) मार्ग मात्र आहे, आणि पॅकेट तिथे टाकली जातात. ॲक्सेस स्विच स्टब असल्याने शिकलेले मार्ग पुढे सांगत नाहीत, म्हणून बाजूच्या मजल्यावरून वळसाही मिळत नाही. तक्रार येते ती "काहींचं चालतंय, काहींचं नाही" अशी, कारण एकाच मजल्यावरची निम्मी सत्रं दुसऱ्या स्विचवरून व्यवस्थित जात असतात. पिंग एका मशिनवरून लागतो, शेजारच्या मशिनवरून लागत नाही.

हीच आखणी ओएसपीएफमध्ये असती तर पॅकेट हरवली नसती. ती दुसऱ्या मजल्याच्या ॲक्सेस स्विचमधून खाली जाऊन पुन्हा वर आली असती आणि त्या मजल्याचे दुवे तुंबले असते. उपाय दोन्हीकडे एकच: दोन डिस्ट्रिब्युशन स्विचमध्ये थेट राउटिंगचा दुवा द्यायचा आणि त्यावर सारांश लावायचा नाही. ओएसपीएफमध्ये हा दुवा त्या इमारतीच्याच एरियात (नेटवर्कच्या विभागात) ठेवावा लागतो. एरिया ०मध्ये (सगळे एरिया जोडणाऱ्या मधल्या विभागात) टाकला तर पलीकडून पुन्हा सारांशच येतो आणि दुवा असून काही उपयोग होत नाही. ही आखणी लॅबमध्ये उभी करा, दुवा तोडा आणि राउटिंग टेबल वाचा. स्टबचं, सारांशाचं आणि एरियाचं काम या एका प्रयोगात जितकं उमगतं तितकं वाचून उमगत नाही.

वॅनमध्ये उपलब्धतेचं गणित येतं. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला ८.७६ तास बंद, ९९.९९ म्हणजे साधारण साडेबावन्न मिनिटं. ९९.९ चे दोन घटक एकामागे एक असले तर बंदचा वेळ जवळपास दुप्पट होतो, साडेसतरा तास. समांतर असले तर कागदावर ९९.९९९९ टक्के मिळतात, पण दोन्हींचा बिघाड एकमेकांशी संबंध नसलेला असेल तरच. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या आणि दोन्हींची फायबर एकाच डक्टमधून आली तर रस्त्याच्या कामातला एक जेसीबी दोन्ही तोडतो. मुंबईत रस्ते सतत खोदलेले असतात, म्हणून लाइन घेताना शेवटच्या टप्प्याचा नकाशा लेखी मागावा आणि शक्य असेल तर दुसरी लाइन रेडिओवर घ्यावी. हे वाक्य डिझाइनच्या कागदात गरज म्हणून लिहिलेलं असलं तरच पर्चेस ते वाटाघाटीत धरून ठेवतं.

आवाजासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (विलंबातला चढउतार) ३०च्या आत, गळती एक टक्क्याच्या आत. जी.७११ या आवाजाच्या एन्कोडिंगचा एक कॉल इथरनेटवर ८७.२ किलोबिट घेतो. भिवंडीहून एका वेळी २० कॉल धरले तर १,७४४ किलोबिट. प्राधान्याची रांग लिंकच्या ३३ टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, म्हणजे लिंक किमान ५.३ मेगाबिटची हवी, तीही फक्त आवाजाचा हिशेब धरून.

ऑटोमेशन आणि फॅब्रिकच्या भागात नावांनी गोंधळ होतो. नेटवर्क सांभाळणारं डीएनए सेंटर आता कॅटलिस्ट सेंटर झालं आहे. एसडी-वॅनच्या व्हीमॅनेज, व्हीस्मार्ट, व्हीबाँड या भागांना अनुक्रमे मॅनेजर, कंट्रोलर, व्हॅलिडेटर म्हणतात. पुस्तकांत जुनी नावं असतात, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी लिहून ठेवा. एसडी-ॲक्सेसमध्ये (सॉफ्टवेअरने चालवलेलं कॅम्पस नेटवर्क) लिस्प काय करतो (कोण कुठे आहे याची नोंद) आणि व्हीएक्सलॅन काय करतो (प्रत्यक्ष वाहतूक) एवढं पक्कं असलं की बाकीचं लवकर लागतं.

परीक्षेची तारीख जानेवारीअखेर घेतली, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातली. शनिवारच्या जागा लवकर भरतात. आठवड्यातला दिवस चालत असेल तर निवड मोकळी मिळते. शुल्क करासकट ३० ते ३१ हजार. नोंदणीच्याच दिवशी सिस्कोच्या पानावरून अभ्यासक्रमाची ताजी प्रत उतरवून घ्या, कारण आवृत्ती बदलते. घरून परीक्षा देता येते, तरी मी केंद्र निवडलं. एकटी बंद खोली, कुणी आत येणार नाही याची हमी आणि न तुटणारं इंटरनेट हे मुंबईच्या घरात जमवणं अवघड आहे.

केंद्रावर अर्धा तास आधी पोचावं. फोटो आणि सही असलेलं सरकारी ओळखपत्र आणि सही असलेलं दुसरं एक कागदपत्र लागतं. मी पासपोर्ट आणि पॅन नेलं. फोन, घड्याळ, पाकीट लॉकरमध्ये, खिसे उलटे करून दाखवायचे, फोटो आणि सही तिथेच घेतात. लिहायला पुसता येणारी पाटी आणि पेन मिळतं. पहिल्याच मिनिटात सबनेटचा तक्ता आणि उपलब्धतेचे आकडे त्यावर लिहून टाकले तर पुढे डोकं मोकळं राहतं. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. लांबलचक प्रश्नात शेवटचं वाक्य आधी वाचा, म्हणजे वरच्या परिच्छेदातलं काय शोधायचं ते कळतं. 'सर्वांत कमी खर्चात', 'सध्याची उपकरणं न बदलता' असे शब्द तिथे असतात आणि उत्तर त्यांच्यावरच ठरतं. प्रश्न काय होते ते इथे लिहिणार नाही. गोपनीयतेची अट मान्य केल्याशिवाय परीक्षा सुरूच होत नाही. बाजारात मिळणाऱ्या डम्पच्या (फुटलेल्या प्रश्नांच्या संचांच्या) नादी लागू नका. निकाल रद्द होऊ शकतो, आणि डिझाइनच्या प्रश्नात गरजेतला एक शब्द बदलला की पाठ केलेलं उत्तर चुकीचं ठरतं.

निकालाच्या कागदावर विभागवार टक्के असतात. नापास झालं तर पाच दिवस थांबून पुन्हा देता येते, आणि तोच कागद पुढच्या अभ्यासाची यादी ठरतो. पास झाल्यावर डिजिटल बॅजसाठी मेल येतो. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. नूतनीकरण ८० सीई (पुढच्या शिक्षणाच्या) गुणांनी, एक मुख्य परीक्षा देऊन किंवा विषयाच्या दोन परीक्षा देऊन होतं.

क्लेमसाठी मंजुरीचा मेल, क्लासचं बिल, परीक्षेच्या दोन पावत्या, निकालाची प्रत आणि रुपयांतली रक्कम दाखवणारं कार्डाचं विवरणपत्र एकत्र जोडलं. ३१ मार्चला वर्ष बंद होतं, म्हणून परीक्षेची तारीख त्याच्या किमान दोन आठवडे अलीकडे ठेवा. आमची रक्कम एप्रिलच्या पगारात आली.